बारोलो, बोलोन्या आणि वहिनींची चटणी

निफाडकडे ऑक्टोबर छाटणी ऐन भरात असताना द्राक्षबागायतदाराच्या घरातलं माणूस फिरायला निघालं, तर गावात चर्चा होतेच. दादा छाटणी, पेस्ट आणि मजुरांच्या जुळवाजुळवीत गळ्यापर्यंत बुडालेला. त्याने हात जोडले आणि म्हणाला, "तुम्ही नणंद-भावजय जा. मला रोज बागांचे फोटो पाठवा, बस." आईने घर सांभाळायचं कबूल केलं आणि आम्ही इटलीला निघालो.

वहिनी शाकाहारी. अंड्याला त्यांची ना नाही. वाईन चाखायलाही हरकत नव्हती. "द्राक्षं विकून घर चालतं, मग रसाला काय नावं ठेवायची?" हे त्यांचं म्हणणं. वाईनच्या द्राक्षांची लाट आली तेव्हा दादानेही दोन एकर लावली होती. पुढे घेणाऱ्याने हात वर केले आणि बाग मुळासकट काढावी लागली. त्यामुळे वाईनबद्दल त्यांच्या मनात कुतूहल होतं आणि थोडा रागही.

मला मात्र एकच गोष्ट बघायची होती. कुठल्या पदार्थाबरोबर कुठली वाईन याचे जे लांबलचक तक्ते आपण वाचतो, ते इटलीतल्या जेवणाच्या टेबलावर कोणी पाळतं का?

शनिवार, अल्बा

मिलानला उतरून तोरिनोमार्गे रेल्वेने संध्याकाळच्या आत अल्बा. वायव्येकडच्या पिएमाँत प्रांतातलं हे टुमदार गाव, लांगे नावाच्या टेकड्यांच्या पायथ्याशी. न्युटेलावाल्या फेरेरोचा कारखाना इथेच आहे. वाऱ्याची दिशा बरोबर असली की रस्त्याने चालताना भाजलेल्या हेझलनटचा वास येतो.

पण ऑक्टोबरात या गावावर राज्य असतं पांढऱ्या ट्रफलचं. जमिनीखाली झाडांच्या मुळांशी वाढणारी ही बुरशी कुत्री हुंगून काढतात, आणि तिची जत्रा शरदात आठवडे न् आठवडे शनिवार-रविवारी भरते. मंडपात शिरलो तर काचेच्या झाकणांखाली बटाट्यासारखे मातकट गोळे ओळीने मांडलेले. विक्रेत्याने झाकण उचलून वहिनींच्या नाकाशी धरलं. त्या मागे सरकल्या. "अहो ताई, हा तर हिंगाचा डबा!"

रात्री एका लहानशा खानावळीत तायारिन मागवलं. शेवयांइतका बारीक पास्ता. किलोभर मैद्याला तीस-चाळीस अंड्यांचा पिवळा बलक घालतात, म्हणून रंग हळदीचा. वर फक्त लोणी. मग वेटर तराजू घेऊन आला, ट्रफल तोलला, आमच्या ताटांवर खिसणीने पातळ चकत्या पाडल्या आणि उरलेला तुकडा पुन्हा तोलला. जेवढे ग्रॅम कमी झाले तेवढ्याचं बिल. सोन्याच्या दुकानातही इतक्या गांभीर्याने कोणी तोलत नसेल.

मी ऐटीत बारोलो मागितली. वेटरने नम्रपणे मान हलवली आणि बरीच वर्षं बाटलीत मुरलेली बार्बारेस्को सुचवली. दोन्ही वाईन एकाच नेब्बिओलो द्राक्षाच्या आणि शेजारच्याच टेकड्यांवरच्या. त्याचं कारण मला पटलं: ट्रफलला जिभेवर चव अशी जवळजवळ नसतेच, सगळा खेळ वासाचा. तरुण बारोलो तोंड तुरट करून टाकते, मग त्या वासाकडे लक्षच राहत नाही. जुन्या वाईनचा तुरटपणा मवाळ झालेला असतो आणि तिला स्वतःलाच ओल्या मातीचा, वाळल्या पानांचा वास येतो. पहिल्याच रात्री आमचा तक्ता निकालात निघाला. रंग नि नाव बघून वाईन ठरवायची नसते, तुरट, आंबट, गोड आणि वास एवढंच बघायचं.

जाणाऱ्यांसाठी: ट्रफल मागवण्याआधी ग्रॅमचा भाव विचारून घ्या. लाजू नका, स्थानिकही विचारतात. माणशी दोन-तीन युरो 'कोपेर्तो' म्हणून बिलात येतात. ती टेबलाची आकारणी असते, फसवणूक नव्हे.

रविवार, ला मोर्रा

सकाळी खिडकी उघडली तर बाहेर नुसतं दूध. धुकं इतकं दाट की अंगणातलं झाडही दिसेना. आम्ही उतरलो होतो ते शेतघर ला मोर्राच्या खाली, द्राक्षबागेतच. घराची मालकीण साठीची, बोलायला खणखणीत. तिची मुलगी इंग्रजी बोलायची, त्यामुळे संवाद तिघींतून फिरून यायचा. दहाच्या सुमारास धुकं खालून वर विरत गेलं आणि एकेक टेकडी वर आली. पिवळ्या, तांबूस, किरमिजी पानांच्या ओळी आणि प्रत्येक टेकडीच्या डोक्यावर एक गाव. २०१४ साली हा सगळा प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला.

वहिनी मात्र खाली बघत होत्या. खांबांवर आणि खोडांवर निळसर डाग होते. "बोर्डो!" त्या एकदम म्हणाल्या. मालकिणीला तो शब्द भाषांतराशिवाय कळला. मोरचूद आणि चुन्याची फवारणी तिकडेही आणि इकडेही. वेलीवरची डाऊनी बुरशी कोणाला चुकलीय? मग दोघींची जी काही बातचीत जमली, तिच्यात माझी गरज उरली नाही. ओळींच्या टोकाला गुलाब लावलेले होते. भुरीचा रोग आला की आधी गुलाबावर दिसतो, म्हणून ही जुनी रीत. वेलीवर एकच काडी ठेवून तारेला आडवी बांधतात, बाकी छाटतात, आणि ही छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. आमच्याकडे वर्षातून दोनदा छाटतात हे ऐकून मालकीण थांबलीच. वहिनींनी समजावलं, की नाशिकला थंडी एवढी पडत नाही, वेल झोपतच नाही, म्हणून तिला एप्रिलमध्ये खरड छाटून काडी तयार करायची, ऑक्टोबरात फळासाठी छाटायची आणि डोळे फुटावेत म्हणून वरून पेस्ट लावायची.

मग उत्पादनाची गोष्ट निघाली. बारोलोच्या नियमाने हेक्टरी जास्तीत जास्त आठ टन द्राक्षं काढता येतात. वहिनींनी मनातल्या मनात हिशेब केला. "एकरी बत्तीस क्विंटल? आमच्याकडे एकरी शंभर क्विंटल निघाले तरी आमच्या यांचं तोंड वाकडं." जास्तीचे घड इथे उन्हाळ्यातच कापून जमिनीवर टाकतात. ते ऐकून वहिनींच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी दादाला व्हिडिओ कॉलवर दाखवायला हवं होतं.

दुपारचं जेवण तिच्याच स्वयंपाकघरात. माझ्यासाठी ब्रासातो, म्हणजे बारोलोतच तासन् तास मंद शिजवलेलं गोमांस. वहिनींसाठी बटाट्याचे न्योक्की आणि वर कास्तेल्मान्यो चीजचा दाट रस. वाईन दोघींना एकच, बारोलो. ही वाईन किमान ३८ महिने मुरवल्याशिवाय विकता येत नाही आणि त्यांतले १८ महिने लाकडी पिंपात जातात. एवढं होऊनही नुसती प्यायली तर हिरड्या आवळून येतात. पण मांसाचा किंवा चीजचा घास खाऊन वर घोट घेतला, की तोच तुरटपणा कुठे गेला कळत नाही. प्रथिनं आणि स्निग्धांश त्याला धरून ठेवतात, जीभ मोकळी राहते. वहिनींनी हे दोनदा करून बघितलं, एकदा न्योक्कीबरोबर आणि एकदा नुसतंच. मग प्याला सरकवून म्हणाल्या, "जेवणाशिवाय ही प्यायची नाही. औषधच आहे नाहीतर." मालकिणीच्या मुलीने भाषांतर केलं, तेव्हा मालकिणीने टेबलावर थाप मारली.

संध्याकाळी वहिनींच्या बॅगेतून लसूण-शेंगदाण्याची चटणी निघाली. निफाडची, म्हणजे जपून खायची. मालकिणीने पावावर चांगली जाडसर पसरली, चावली आणि आग विझवायला हाताशी असलेली बारोलो घोटभर घेतली. व्हायचं तेच झालं. चौदा टक्क्यांच्या आसपासचं अल्कोहोल आणि तुरटपणा, दोन्ही मिरचीची आग वाढवतात. बाई लाल झाली, डोळे पुसत हसायला लागली आणि उठून फ्रीजमधून मोस्कातो दास्ती घेऊन आली. ही गोड, हलके बुडबुडे असलेली, अल्कोहोल जेमतेम पाच टक्के. तिच्याबरोबर चटणी लागली काय सुंदर! गोडीने तिखट दबलं आणि लसूण पुढे आला. मोस्कातो खरं तर तिने हेझलनटच्या केकसाठी गार करून ठेवली होती. केकच्या वेळी बाटली रिकामी.

आपल्या तिखट जेवणाबरोबर महागडी, दणकट तांबडी वाईन उघडणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं.

जाणाऱ्यांसाठी: लांगेत गाडीशिवाय हाल होतात, रविवारी तर बस नावालाच. पण मद्यपान करून चालवायची मर्यादा कडक आहे (रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम), म्हणून चाखायच्या दिवशी टॅक्सी सांगून ठेवा. चाखताना थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरण्यात काही कमीपणा नाही.

सोमवार, नीत्सा मोन्फेरातो

टेकड्यांच्या पूर्वेला बार्बेरा वाईनचा मुलूख. हवा एकदम गारठली, म्हणून दुपारी बान्या काउदा. लोणच्यातल्या अँचोवी मासळ्या, ढीगभर लसूण आणि ऑलिव्ह तेल मातीच्या भांड्यात, खाली मेणबत्ती. त्यात कच्च्या भाज्या बुडवून खायच्या. इथली खास भाजी म्हणजे कार्दो, आर्टिचोकच्या कुळातली. जमिनीत वाकवून पुरतात म्हणून पांढरी आणि कोवळी राहते. वहिनींनी तीच नुसत्या तेल-मिठाबरोबर खाल्ली आणि बियाणं मिळेल का विचारलं.

इथे बारोलो कोणी मागितली तर हसतील. मासळी आणि तुरट वाईन एकत्र आली की तोंडात लोखंडासारखी चव येते. बार्बेरात तुरटपणा कमी आणि आंबटपणा भरपूर. ती तेलाचा थर धुऊन काढते. टोमॅटो असलेल्या कुठल्याही पदार्थाबरोबरही हीच धरावी, कारण आंबटाला आंबट लागतं. मवाळ वाईन टोमॅटोपुढे पाणी वाटते. मला विचाराल तर आपल्या मराठी जेवणाशी सगळ्यांत जास्त हिचंच पटेल.

मंगळवार, आस्तीचं स्टेशन

हा दिवस गेला फलाटावर. रेल्वेचा संप. इटलीत संप आधी जाहीर होतात. आमच्या कानावर आला नव्हता एवढंच. स्टेशनच्या कॅफेत एका निवृत्त शिक्षिकेने आमच्याकडे बघून स्वतःच्या पिशवीतले हेझलनट काढून दिले आणि घड्याळावर सहावर बोट ठेवलं. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक लोकल गाड्या सोडाव्याच लागतात. त्यातली एक पकडून, मग बदलून, रात्री उशिरा बोलोन्या.

बुधवार, बोलोन्या

कमानींच्या ओसऱ्यांचं शहर. पाऊस सुरू होता तरी छत्री उघडायची वेळ आली नाही. जुन्या बाजाराच्या गल्लीबोळांत, क्वाद्रिलातेरोत, ओस्तेरिया देल सोले नावाचं १४६५ सालापासूनचं मद्यगृह आहे. तिथे फक्त प्यायलाच मिळतं. खाणं आपलं आपण आणायचं. वहिनींना हा प्रकार फारच भावला. समोरच्या दुकानांतून माझ्यासाठी मोर्तादेल्ला म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजचे काप, त्यांच्यासाठी पाव, टोमॅटो, ऑलिव्ह आणि पार्मिज्यानो चीज घेतलं आणि लाकडी बाकावर जाऊन बसलो. लांब टेबलांवर कोणीही कोणाच्या शेजारी बसतं. आमच्या शेजारी म्हाताऱ्यांचा पत्त्यांचा डाव रंगला होता.

त्यांतल्या एका आजोबांनी आमचा पुडा तपासला, समाधानाने मान डोलावली आणि आसपासच्या टेकड्यांवरची पिन्योलेत्तो घ्यायला लावली. पांढरी, बुडबुड्यांची, कोरडी. मी विचारलं, तांबडी का नको? त्यांनी मोर्तादेल्लातला चरबीचा पांढरा ठिपका बोटाने दाखवला आणि प्याल्यातले बुडबुडे दाखवले. बस, एवढंच उत्तर. चरबी आणि बुडबुडे. मग 'स्पॅगेटी बोलोन्येझ' असा पदार्थ इथे नसतोच यावर त्यांनी मोठं भाषण दिलं. रागू म्हणजे खिम्याचा तो रस्सा फक्त तालियातेल्लेवर, म्हणजे फितीसारख्या चपट्या पास्त्यावर. शिजलेल्या तालियातेल्लेची रुंदी आठ मिलिमीटर, आणि तिचा नमुना १९७२ पासून शहराच्या वाणिज्य मंडळात जपून ठेवलेला आहे!

गुरुवार, मोदेना

सकाळी पार्मिज्यानोचा कारखाना. तांब्याच्या घंटेसारख्या कढया, चीजच्या एका चाकाला साडेपाचशे लिटरच्या आसपास दूध, आणि किमान बारा महिने फळीवर. दूध फाडायला काय घालता, असं वहिनींनी विचारलं. उत्तर आलं: वासराच्या पोटातलं रेनेट. नियमच तसा आहे, दुसरं चालत नाही.

वहिनी बराच वेळ गप्प होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "कालपर्यंतचं अजाणता झालं. आता नको." त्यानंतर त्यांनी पार्मिज्यानोला हात लावला नाही. शाकाहारी मंडळींनी हे निघण्याआधीच ठरवून घ्यावं, कारण इटलीतली बहुतेक नामांकित जुनी चीज अशीच बनतात. दुसरा सापळा न्योक्को फ्रित्तोचा. तळून टम्म फुगलेले मैद्याचे चौकोन, दिसायला अगदी निरुपद्रवी, पण पिठात आणि कढईत बहुधा डुकराची चरबी असते. "सेन्झा स्त्रूत्तो?" (डुकराच्या चरबीशिवाय?) एवढं विचारायला शिका.

मी मात्र ते हॅमच्या कापांबरोबर खाल्ले, आणि सोबत लाम्ब्रुस्को. ही तांबडी, बुडबुड्यांची आणि गार करून प्यायची वाईन. गोड सोड्यासारखी लाम्ब्रुस्को परदेशी खपवली गेल्याने तिचं नाव बदनाम झालं. इथली मंडळी पितात ती कोरडी. तिच्यातली सोर्बारा जातीची फिकट गुलाबी आणि झणझणीत आंबट, ग्रास्पारोस्सा जातीची गडद आणि किंचित तुरट. तळलेलं, चरबीचं, खारट अशा जेवणानंतर हिचा घोट घेतला की पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. कांदाभजीबरोबर हिच्याइतकं दुसरं काही शोभणार नाही, हे मी तिथेच जाहीर केलं.

वहिनींचा रुसवा गेला तो दुपारी, बाल्सामिक व्हिनेगरच्या माळ्यावर. द्राक्षाचा रस उकळून आटवायचा आणि उतरत्या मापाच्या, वेगवेगळ्या लाकडांच्या पिंपांत वर्षानुवर्षं फिरवत न्यायचा. सर्वांत लहान पिंपातून थोडं काढायचं आणि मागच्याने भरायचं. किमान बारा वर्षं. 'एक्स्त्रावेक्यो' म्हणवायला पंचवीस. मुलगी जन्मली की तिच्या नावाने पिंपांचा संच लावायची इथे जुनी पद्धत. घरमालकाने चमच्यावर दोन थेंब दिले. काळं, दाट, आंबट-गोड. "पंचवीस वर्षं थांबायची तयारी आहे यांची," वहिनी म्हणाल्या, "आणि आपल्याला व्यापारी चेकसाठी पंचवीस दिवस थांबवतो तर झोप लागत नाही."

शुक्रवार, ग्रेवे

फ्लॉरेन्सहून बसने कियांतीत. काळ्या कोंबड्याचं चिन्ह असलेली कियांती क्लासिको, त्यात किमान ऐंशी टक्के सांजोवेसे द्राक्ष. याच द्राक्षाची लागवड सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्ली या वाईन कंपनीने केली आहे आणि तिथल्या वाईन घडवणारे पिएरो मासी मूळ तोस्कानाचेच, म्हणजे कियांतीच्याच प्रांतातले. हे सांगितल्यावर वहिनींनी त्या वेलीकडे पाहुण्याकडे बघावं तसं बघितलं.

इथला पाव बिनमिठाचा. पहिला घास खाताना वाटतं स्वयंपाकी विसरला. पण त्यावर खारट पेकोरिनो, म्हणजे मेंढीच्या दुधाचं चीज, ठेवला की जमतं. आणि आनंदाची बातमी म्हणजे काही पेकोरिनो काटेरी फुलांच्या अर्काने दूध फाडून करतात. दुकानदाराला "कालियो वेजेताले" (वनस्पतीचं रेनेट) म्हटल्यावर त्याने नेमका तुकडा कापला. वहिनींनी दुपारभर तेवढाच खाल्ला, वर शिळ्या पावाची, काळ्या कोबीची आणि घेवड्याची रिबोल्लीता, म्हणजे दाट सूप. कियांती दोन्हींशी छान बोलली. मोडली ती फक्त आर्टिचोकशी. ती भाजी खाऊन प्यायल्यावर चांगली वाईनसुद्धा विचित्र गोड लागते. तिथे साधं पाणी बरं.

घरी

परत येताना माणशी दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. मोज्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या सामानात चालत नाही. आम्ही चारच आणल्या: दोन बार्बेरा, एक मोस्कातो, एक लाम्ब्रुस्को. बारोलो परवडली नाही आणि खरं सांगायचं तर आमच्या रोजच्या ताटात तिला काम नाही.

दिवाळीनंतर मळ्यात वांगी भाजली. भरीत, भाकरी, दाण्याची चटणी, आणि बार्बेरा स्टीलच्या पेल्यांत. दादाने पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं, दुसऱ्या घासानंतर पेला पुढे केला. मग बाटली हातात घेऊन त्याने त्यावरचं वर्ष वाचलं आणि विचारलं, "या साली काढणीला पाऊस होता का तिकडे?"

वहिनी म्हणाल्या, "ते त्या बाईंना विचारावं लागेल. नंबर आहे माझ्याकडे."